आठ जीबीचा कावा

शरच्चंद्र दिवेकर हे नाव आता जन्मपत्रिकेत आणि विजेच्या बिलावर तेवढं उरलंय. त्यातली दोन जोडाक्षरं ओलांडून हाक पोचेपर्यंत माणूस वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, म्हणून श्रीवर्धनात सगळे त्यांना शरूभाऊ म्हणतात. सुपारीची वाडी, वाडीच्या तोंडाशी कौलारू घर, मागे विहीर, आणि अलीकडे पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या, असा त्यांचा पसारा. पसारा म्हणायचा तो जमिनीमुळे नव्हे. घरातल्या वस्तूंमुळे.

शरूभाऊंकडे कुठलीही वस्तू येते ती गणपतीच्या मापाने येते. भाद्रपदात त्यांच्याकडे पाच दिवस सगळी भावकी उतरते. ठाण्याची, डोंबिवलीची, नागोठण्याची आणि बडोद्याला जाऊन राहिलेली एक शाखा. त्या पाच दिवसांना जे पुरेल ते खरं माप, बाकीचं वर्ष म्हणजे दोन गणपतींमधली मोकळी जागा, असं त्यांचं साधं गणित आहे. त्यामुळे भाताचा टोप एवढा, की एरवी दोघांपुरता भात त्यात शोधावा लागतो. त्यांच्या पत्नी आनंदीबाई डाव घेऊन आत वाकल्या आणि काही बोलल्या तर आवाज घुमतो. टीव्ही घेतला तो ओसरीवरच्या शेवटच्या माणसाला दिसला पाहिजे म्हणून. माजघरात बसून बघायला गेलं तर बातम्या सांगणाऱ्या बाईचं नुसतं नाक दिसतं. म्हणून नवराबायको अंगणात खुर्च्या टाकतात आणि दारातून आत टीव्ही बघतात. डास चावतात. पण गणपतीत बरं पडतं.

म्हसळ्याच्या अल्पेशभाईकडून इन्व्हर्टर आणला तोही याच हिशोबाने. वीज गेली की शेजारचे रावजी सगळ्या घराचे मोबाईल टोपलीत घालून घेऊन येतात, आणि वीज आली तरी बसून राहतात. "असू दे, लागलं तर," हे शरूभाऊंचं खरेदीनंतरचं ठरलेलं वाक्य. आळीत कोणी मिक्सर घेवो की पाण्याची टाकी, आधी त्यांना विचारून घेतो, आणि घरी आल्यावर ती वस्तू दारातून आत जात नाही असं लक्षात येतं.

आनंदीबाईंना कोणी विचारलं, एवढ्या मोठ्या घरात दोघंच राहता, भीती नाही वाटत? तर त्या म्हणत, "घर गणपतीच्या माणसांचं आहे हो. ती येईपर्यंत आम्ही राखण करतो."

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र राखणदार वाढले. एकुलता एक मुलगा विहंग पुण्याची नोकरी सोडून वाडी आणि पर्यटकांच्या खोल्या बघायला आला, आणि त्याच्या मागोमाग नवी सून श्रद्धा आली. टोपातला भात निदान वरून दिसायला लागला. टीव्हीवर काय लावायचं याच्यावर भांडणं होऊ लागली. शरूभाऊंना ही भांडणं फार आवडायची. ते मुद्दाम नावडता कार्यक्रम लावून ठेवत आणि भांडण सुरू होण्याची वाट बघत.

श्रद्धाची नोकरी पुण्याला होती. कोणी बंगला बांधायला काढला की तो बांधण्याआधीच मालकाला त्यातून फिरवून आणायचं, हे तिचं काम. कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करायच्या, खिडकीतून ऊन आत सोडायचं, सोफ्यावर उशी ठेवायची. तिच्या ऑफिसातल्या सरांनी सांगितलं होतं की शिमग्यापर्यंत गावाहून काम करून बघ. मशीन तुझं तू घे. जमलं तर पुढे बघू, नाही जमलं तर तुझं पुण्याचं टेबल आहेच. आणि श्रद्धा पुण्याला गेली की आज ना उद्या विहंगही जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. अंगणात पुन्हा दोनच खुर्च्या. शरूभाऊ हे बोलून दाखवत नसत. ते फक्त सूनबाईला कामाच्या वेळी चहा नेऊन देत आणि त्यात आलं जरा जास्त घालायला सांगत.

मशीनचा प्रश्न अवघड होता. विहंगचा जुना लॅपटॉप मेमरीला दणकट होता, पण शेवटच्या घटका मोजत होता; मागून पाटाचा टेकू दिल्याशिवाय उभा राहत नव्हता. तेव्हा शरूभाऊंनी जेवताना जाहीर केलं की नवा लॅपटॉप ते स्वतः घेणार. सून घरात आली, आपण तिला कामाचं असं काही दिलं नाही. श्रद्धाने हळूच सांगून पाहिलं की मेमरी बत्तीस जीबी असली तर बरं. शरूभाऊ म्हणाले, बघतो. दुसऱ्याने सांगितलेल्या मापाची वस्तू त्यांनी आजवर घेतली नव्हती, आणि आता त्यांचं सत्तरावं चालू होतं.

मेमरी म्हणजे काय हे विहंगने त्यांना वाडीतच समजावून दिलं. माळ्यावर पोती किती मावतात ते एक. आणि खळ्यात एका वेळी सुपारी किती पसरता येते ते दुसरं. आपल्याला दुसरं बघायचंय. माळा केवढाही असू दे, खळं लहान असलं की निम्मी सुपारी उन्हात आणि निम्मी पोत्यात वाट बघत बसणार.

शरूभाऊंचे डोळे चमकले. सगळा जन्म ज्याच्यात गेला तेच निघालं होतं. "म्हणजे तिचा गणपती कधी असतो ते बघायला पाहिजे," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त पसारा कधी असतो?"

त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन ते श्रद्धाच्या मागे खुर्ची टाकून बसले. टेकूवरच्या लॅपटॉपवर तिने जे जे उघडलं होतं त्यातल्या एकेका खिडकीवर बोट ठेवून ते विचारू लागले. हे काय? पनवेलच्या एका डॉक्टरांचा बंगला. हे? सरांशी बोलायची खिडकी. हे? गाणी. गाण्यालाही जागा लागते हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं. नंतर झाडं झाडं असलेलं काहीतरी आलं, ते श्रद्धाने चटकन बाजूला सारलं आणि म्हणाली, ते असंच आहे. आणि मग कोपऱ्यात इमारतींची चित्रं दिसली.

"हे?"

"पुण्यातले फ्लॅट. भाड्याचे."

"कोणाला हवेत?"

"कोणाला नाही, बाबा. नुसतं उघडं ठेवलंय. असू दे, लागलं तर."

हे वाक्य त्या घरात आजवर एकाच माणसाने म्हटलं होतं. शरूभाऊंनी ते दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकायला कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदा समजलं. ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि झाडांना पाणी लावायला वाडीत गेले.

वाडीत पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात सावकाश जातं, आणि त्याच्याबरोबर शरूभाऊंचं डोकं चालतं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जोरात चाललं. खळं मोठं असलं की माणूस काय वाटेल ते पसरतो. सुपारी पसरतो, नारळाच्या वाट्या टाकतो, पाहुण्यांच्या गाद्याही उन्हात घालतो. खळं लहान असलं तर? तर नको असलेलं आधी उचलतो. आणि श्रद्धाच्या खळ्यात सगळ्यात नको असलेलं काय होतं? डॉक्टरांचा बंगला पोटापाण्याचा. सर तर हवेतच. गाणीही असावीत, तरुण मुलगी आहे. राहता राहिलं पुणं. म्हणजे मेमरी जरा बेताची घेतली, की आपण काही न बोलता पुणं आपोआप बाहेर.

या विचारात कुठेही भोक नव्हतं. त्यांनी तीनदा तपासून पाहिलं. तेवढ्यात पाणी आळ्यातून वाहून रावजींच्या कुंपणात गेलं.

म्हसळ्याला अल्पेशभाईचं दुकान बाजाराच्या वळणावर आहे. मोबाईल, इन्व्हर्टर, पंखे, लॅपटॉप, आणि मागे लग्नपत्रिका छापून मिळतात. शरूभाऊ येणार असा फोन आल्यापासून अल्पेशभाईने दुकानातला सर्वांत दणकट माल पुढे काढून ठेवला होता. असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं हे त्याला माहीत होतं.

"या काका. तुमच्यासाठी बत्तीस काढून ठेवलाय. चौसष्ट पाहिजे तर मुंबईहून मागवून देतो, दोन दिवस थांबायचं."

"आठ दे," शरूभाऊ म्हणाले.

अल्पेशभाईने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घालून शरूभाऊंकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली. "काका, बसा पहिलं. तबियत सारी छे ने?"

तब्येत उत्तम असल्याचं शरूभाऊंनी सांगितलं. त्यावर अल्पेशभाईने त्यांना बराच वेळ समजावलं. आठ म्हणजे बिलं करायला, पोरांच्या शाळेला, नाहीतर आमच्यासारख्याला पिक्चर बघायला. सूनबाईचं काम नकाशाचं, त्यात ऊन पाडायचं, सावली पाडायची, मशीन घामाघूम होणार. दुकानदार स्वतःहून मोठा माल घ्या म्हणतो तेव्हा त्याचा फायदा असतो हे शरूभाऊंना ठाऊक होतं. पण हा माणूस बोलताना कळवळला होता. त्यांनाही थोडं कसनुसं झालं. आयुष्यभराची सवय गळ्याशी येऊन बत्तीस, बत्तीस म्हणत होती. तिला त्यांनी खाली ढकललं.

"एवढं सगळं तिच्यापुढे बोलू नकोस म्हणजे झालं," ते म्हणाले.

अल्पेशभाईने मान हलवत लॅपटॉप पिशवीत घातला. जाताना एवढं मात्र म्हणाला, की आत मेमरीची एक जागा रिकामी आहे आणि आहे तीही काढून मोठी बसवता येते. मन बदललं तर या.

घरी आनंदीबाईंनी लॅपटॉपला कुंकू लावलं आणि पुढे खोबऱ्याची वाटी ठेवली. श्रद्धाने तो सुरू केला, कुठेतरी दोन ठिकाणी दाबून पाहिलं आणि विहंगकडे पाहिलं. विहंगने समोरच्या सुपारीच्या झाडाकडे पाहिलं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

आता शरूभाऊ येताजाता डोकावू लागले. पाणी प्यायला जाताना, अडकित्ता शोधताना, मांजर हाकलताना. मांजर त्या खोलीत कधी जात नसे. मशीनचं म्हणावं तर ते कष्टाळू होतं, पण अंगात दम नव्हता. भिंतीला रंग द्यायला सांगितलं की आतला पंखा मासेमारीच्या होडीसारखा धडधडायचा आणि पडद्यावर एक गोल चक्र गरगरत राहायचं. डॉक्टरांच्या बंगल्याचा जिना यायचा, पण तो जिथे जाऊन पोचायचा तो मजला यायला दुपार व्हायची. श्रद्धा तोवर कपडे वाळत घालून यायची.

पहिल्या आठवड्यात गाणी बंद झाली. शरूभाऊंना ते बघून वाईट वाटलं; पण युद्धात असं होतं. पुढचा नंबर पुण्याचा, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या इमारती होत्या तशाच होत्या. उलट आता त्या अधिकच ठळक दिसायच्या. एकदा तर त्यांना वाटलं की त्यातल्या एका बाल्कनीत कोणी तुळस ठेवली आहे.

मग तो दिवस आला. सरांना सगळा बंगला दाखवायचा होता. सर समोर होते, शेजारी डॉक्टर, मागे डॉक्टरांची बायको. श्रद्धा त्यांना फाटकातून आत घेऊन गेली, अंगणातून व्हरांड्यात नेलं, दार उघडलं, आणि तिथेच सगळं थांबलं. डॉक्टरांचं कुटुंब आपल्याच घराच्या उंबऱ्यावर अडकून पडलं. सरांचा चेहरा अर्धं तोंड उघडून स्थिर झाला, जांभई द्यावी की रागवावं हे न ठरलेल्या माणसासारखा. मशीन बंद करून परत सुरू होईपर्यंत ते लोक निघून गेले होते. थोड्या वेळाने सरांचा फोन आला. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. ते म्हणाले, पुढच्या सोमवारपासून चार दिवस पुण्याला येत जा, इथल्या मशीनवर कर, शनिवार-रविवार गावाला जा.

दुपारी आनंदीबाई भाजीसाठी फणसाची कुयरी चिरत होत्या, हाताला तेल लावून, विळीवर. श्रद्धा त्यांच्यापुढे पाटावर बसून हे सगळं सांगत होती. शरूभाऊ दाराआड उभे होते. दार छोटं होतं आणि ते अंगाने आडवे होते, त्यामुळे सगळ्यांना दिसत होते.

श्रद्धा सांगत होती की तिने जमेल ते सगळं बंद करून पाहिलं. गाणी बंद केली, पंखा लावून मशीनला वारा घातला. शेवटी आपल्या वाडीचंही बंद केलं.

"वाडीचं काय?" शरूभाऊंनी दाराआडूनच विचारलं.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली की ती संध्याकाळी थोडं थोडं करून आपल्याच वाडीत नव्या खोल्या काढत होती. एकही झाड न तोडता, झाडांच्या मधून मधून. विहंगला दाखवायच्या होत्या. पण एकेक सुपारीचं झाड, त्याच्या झावळ्या, झावळ्यांची सावली, हे सगळ्यांत जड होतं. डॉक्टरांच्या बंगल्याहून जड. म्हणून नव्या मशीनवर ते उघडताच येईना. सोडून दिलं.

"आणि ते पुण्याचे फ्लॅट?"

"त्याला काय लागतंय, बाबा? नुसती चित्रं आहेत. चिमूटभर. असली काय आणि नसली काय."

शरूभाऊ दाराआडून बाहेर आले. त्यांनी टोपी घातली, काढली, खुंटीला लावली. मग म्हणाले, "तो लॅपटॉप दे जरा इकडे."

"कशाला?"

"ऊन दाखवून आणतो."

आनंदीबाईंची विळी थांबली. श्रद्धाने त्यांच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा," ती इतकंच म्हणाली. त्यात प्रश्न नव्हता आणि तक्रारही नव्हती, पण उत्तर दिल्याशिवाय त्यातून सुटका नव्हती.

"मी मुद्दाम कमी घेतलं," शरूभाऊ म्हणाले. "अल्पेश बत्तीस देत होता."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मशीनमध्ये दिसतं ते. का घेतलं ते नाही कळलं." ती कुयरीच्या सालांकडे बघत बोलत होती. "या घरात डावसुद्धा पंगतीचा आहे. एक माझ्या कामाची वेळ आली तेव्हाच तुम्ही मापात घेतलं. मला वाटलं, माझं काम तुम्हाला एवढंच वाटतं. आठ जीबीएवढं. म्हणून तर ते फ्लॅट मी उघडेच ठेवले."

शरूभाऊंना वाटत होतं की आपण पुणं बाहेर काढतोय, आणि ते इतके दिवस त्याला खतपाणी घालत होते.  शेवटी जे खरं होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"अगं, पुणं त्यात मावू नये म्हणून घेतलं."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग श्रद्धाला कळलं. ती आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग हात काढून हसली, मग पाटावरून कलंडून भिंतीला टेकून हसली. तिला सांगायचं होतं की मेमरीचं तसं नसतं. पण वाक्याच्या मध्यावर गेली की परत हसू यायचं. दारात विहंग आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला, तर तिने नुसतं सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

आनंदीबाई हसल्या नाहीत. त्यांनी विळी पुन्हा सुरू केली. "उभ्या जन्मात एकदा मापात खरेदी केलीत," त्या म्हणाल्या, "ती ही."

म्हसळ्याला दोघं स्कूटरवरून गेली. श्रद्धा चालवत होती आणि शरूभाऊ मागे लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून बसले होते. वाटेत वळणावर तिने मोठ्याने सांगितलं की खरं बोलायचं तर तिने अजून काहीच ठरवलेलं नाही. तिला इथे आवडतं. पण कधी कधी पुण्याचीही आठवण येते, मैत्रिणींची, आपल्या टेबलाची. शरूभाऊ वाऱ्यात म्हणाले, "बरं." दुसरं काही म्हणावं असं त्यांना पुष्कळ वाटत होतं; पण त्यांनी ते पिशवीसारखं पोटाशी धरून ठेवलं.

अल्पेशभाईने त्यांना येताना पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर आधीच हातात घेतला. "बोला काका. आता किती?"

शरूभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं आणि श्रद्धाकडे बोट केलं. "तिला विचार. काम तिचं आहे."

"बत्तीस," श्रद्धा म्हणाली.

अल्पेशभाईने पाठ उघडली. आतलं सगळं हिरवं हिरवं आणि नीटनेटकं होतं. शरूभाऊ वाकून बघत होते. त्यांनी धीर धरला, आणखी थोडा धरला, आणि शेवटी अगदी हळू आवाजात, पंखा बघत असल्यासारखं करून, विचारलं, "चौसष्ट बसत नाही का?"

"बाबा."

"नाही, सहज विचारलं."

जुनी आठची पट्टी अल्पेशभाईने कागदात गुंडाळून दिली. ती शरूभाऊंनी खिशात टाकली आणि का टाकली ते सांगितलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांचं कुटुंब एकदाचं उंबरा ओलांडून घरात गेलं. जिना चढून वर गेलं, आणि डॉक्टरांच्या बायकोला वरची न्हाणी पसंत पडली नाही, म्हणजे सगळं व्यवस्थित दिसलं. सर म्हणाले, सोमवारचं राहू दे. शिमगा झाल्यावर ते म्हणाले, पावसाळ्यापर्यंत बघू. सर हे कायमचं असं काही न म्हणणारे गृहस्थ होते.

वाडीचं चित्रही उघडलं. श्रद्धाने शरूभाऊंना त्यांच्याच वाडीतून फिरवून आणलं. झाडांमधून वाकडी पायवाट गेली होती आणि मध्ये मध्ये लहान खोल्या, सुपारीच्या बुंध्यांमागे लपल्यासारख्या. शरूभाऊंनी नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून झाडं मोजली. मग त्यांनी विहीर जरा अलीकडे हवी असं सांगितलं, आणि एका खोलीवर बोट ठेवून ही कोणत्या पाहुण्यांची असं विचारलं. त्या खोलीत एक टेबल आणि एक खिडकी होती, पलंग नव्हता. श्रद्धा म्हणाली, ही पाहुण्यांची नाही, माझी, काम करायला. शरूभाऊंनी मान हलवली आणि खिडकी आणखी मोठी करायला सांगितली.

पुण्याचे फ्लॅट उघडेच राहिले. आता जागा भरपूर होती, मग ते बंद करायला कोणी सांगितलंही नाही. उलट एक नवीच गोष्ट झाली. दुपारची झोप झाली की शरूभाऊ श्रद्धाच्या मागे खुर्ची टाकून बसत आणि विचारत, आज पुण्यात काय? ती स्क्रीन त्यांच्याकडे फिरवायची. मग ते एकेक फ्लॅट घेऊन त्यातली खोड काढत. या बाल्कनीत आमसुलं वाळत घालता येणार नाहीत. या स्वयंपाकघरात बाई उभी राहिली की उजेड बंद. याच्या दारासमोरच दुसऱ्याचं दार, म्हणजे कडी काढली की दोघांच्या चपलांचं भांडण. ते इतके रमत, की एकदा आनंदीबाई म्हणाल्या, तुम्हीच एक घेऊन टाका तिकडे आणि मला इथे सुखाने राहू दे.

आणि एका दुपारी असा एक फ्लॅट निघाला की ज्याला खोड सापडेना. दोन्ही बाजूंनी वारा. स्वयंपाकघराला मोठी खिडकी. पाणी चोवीस तास. श्रद्धाच्या ऑफिसच्या इतका जवळ, की डबा विसरला तर परत येऊन नेता येईल. शरूभाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पुढे सरकून पाहिलं. श्रद्धाही बघत होती. तिचा हात बटणांवरून निघाला होता.

खोटी खोड काढता आली असती. पाणी खारं असेल, वरचा शेजारी रात्री पलंग ओढत असेल, असं काहीही. शरूभाऊंच्या जिभेवर ती आलीही. पण मागच्या वेळचा कावा अजून अंगाला चिकटलेला होता.

"चांगला आहे हो हा," ते म्हणाले. "अगदी चांगला आहे." आणि उठून पाणी लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खुर्ची टाकली नाही. ओसरीवरच सुपारी कातरत बसले. आतून श्रद्धाने हाक मारली. "बाबा, येताय ना? आज नवीन काढलेत."

ते गेले. तिने स्क्रीन फिरवली. कालचा फ्लॅट तिथे नव्हता. समोर जो होता त्याच्या स्वयंपाकघरात न्हाणीचं दार उघडत होतं, खिडकीबाहेर भिंत होती, आणि पलंगावर उभं राहिल्याशिवाय कपाट उघडता येईल असं दिसत नव्हतं. पुण्यात एवढा वाईट फ्लॅट शोधून काढायला तिला बरीच मेहनत पडली असावी.

"याचं काय म्हणणं?" श्रद्धाने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

शरूभाऊंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर चढवला आणि आत हाक दिली, "अगं, चहा टाक. वेळ लागणार आहे."